नव्या देशात नवी वही

बेल्जियममधील अँटवर्प शहरात विवाह करायचा असेल, तर मंडपाच्या आधी टाउन हॉलची पायरी चढावी लागते. त्या देशाच्या राज्यघटनेनेच तसे ठरवून दिले आहे: आधी नागरी विवाह, मग धार्मिक विधी. नोंदणी अधिकाऱ्यासमोर दोघांनी होकार दिला आणि स्वाक्षऱ्या केल्या, की कायद्याच्या दृष्टीने ते पती-पत्नी झाले. फेरे, मंगलपाठ, वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद हे सारे त्यानंतर. मुहूर्त निघाला, पाहुण्यांची विमानाची तिकिटे झाली आणि मग ही गोष्ट कळली, तर घरात काय धांदल उडेल हे वेगळे सांगायला नको.

अँटवर्पचे नाव जैन व्यापारी कुटुंबांना नवे नाही. 1960 च्या दशकापासून उत्तर गुजरातमधील पालनपूरकडची जैन कुटुंबे हिऱ्यांच्या व्यापारासाठी तेथे जाऊ लागली. रेल्वे स्थानकाजवळच्या होवेनियर्सस्ट्राट या लहानशा रस्त्यावर आज फ्लेमिश आणि हिब्रूबरोबर गुजरातीही सहज कानावर पडते. या रस्त्याचे नाते आधी मुंबईच्या ऑपेरा हाऊसशी होते, आता ते वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्सशीही आहे. शहराच्या विल्राईक भागात संगमरवरी जिनालय उभे आहे. अशा गावचे स्थळ पुणे, सांगली किंवा सोलापूरच्या घरी सांगून आले, तर त्याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. तेथे धर्म आहे, संघ आहे, व्यापार आहे, मग काळजी कसली, असे वाटते.

काळजी नव्हे, पण तयारी मात्र हवी. नवी पेढी उघडताना व्यापारी माणूस भागीदारीचा लेख करतो, भांडवल मोजतो आणि दिवाळीला वहीपूजन करून पहिले पान लिहितो. परदेशातील संसार हीसुद्धा दोन भागीदारांची नवी पेढीच आहे. तिचे पहिले पान विवाहाच्या आधी दोघांनी मिळून लिहावे, हे अधिक हिताचे.

कागदांचे पान

टाउन हॉलमध्ये विवाहाची पूर्वसूचना द्यावी लागते. ती नोंदली गेल्यावर किमान चौदा दिवस थांबावे लागते आणि त्यानंतर ठरावीक मुदतीतच विवाह करता येतो. जन्मदाखला, पासपोर्ट, अविवाहित असल्याचा दाखला हे मूळ कागद होत. भारतातील कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का लागतो. भारत 2005 साली या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाल्यामुळे हा एक शिक्का पुरेसा ठरतो. पुढे शपथबद्ध अनुवादकाकडून डच भाषांतर करून घ्यावे लागते.

खरी अडचण बहुधा नावापाशी येते. जन्मदाखल्यावर 'शहा', पासपोर्टवर 'शाह'. एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये, दुसऱ्यावर ते गाळलेले. कोठे गोत्र हेच आडनाव. आपल्याकडे अशा फरकाकडे कोणी लक्ष देत नाही, परदेशी अधिकारी मात्र तेथेच थांबतो. म्हणून साखरपुड्यानंतरचे पहिले काम हॉल पाहण्याचे नव्हे, सर्व कागद एका ओळीत मांडून नावे जुळवण्याचे आहे. दुरुस्तीला महिनेही लागू शकतात.

नावाची आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात विवाहानंतर मुलीचे आडनाव बदलते, अनेक घरांत पाळण्यातले नावही बदलले जाते. बेल्जियमच्या कायद्यात विवाहाने नाव बदलत नाही. जन्माचेच नाव अधिकृत कागदांवर अखेरपर्यंत राहते. सासरी लाडाने काय हाक मारायची ते मारावी, पण पासपोर्टवरील नावाला हात लावण्यापूर्वी दोन्ही घरांनी विचार करावा.

पर्यटक व्हिसावर जाऊन विवाह उरकावा आणि मग तेथेच राहावे, असा बेत काही जण सुचवतात. तो धोक्याचा आहे. विवाहासाठीचा किंवा कुटुंबासोबत राहण्यासाठीचा व्हिसा वेगळा असतो. त्यासाठी पुरेसे उत्पन्न, राहण्यायोग्य घर आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. साधारणतः दोघांचेही वय 21 पूर्ण असावे लागते. भारतात मुलीसाठी 18 ही मर्यादा असल्याने हा फरक लक्षात येत नाही.

पैशाचे पान

व्यापारी घरांत पैशाविषयी सारे काही बोलले जाते, फक्त नवरा-नवरीमध्ये ते बोलले जात नाही. अँटवर्पमध्ये हा संकोच महाग पडू शकतो. विवाहानंतर दोघांचे पहिले सामाईक वास्तव्य ज्या देशात, साधारणतः त्या देशाचा मालमत्तेचा नियम त्यांना लागू होतो. युरोपीय संघातील बेल्जियमसह अनेक देशांत 29 जानेवारी 2019 पासूनच्या विवाहांना ही व्यवस्था आहे. वेगळा करार केला नसेल, तर बेल्जियमच्या कायद्यानुसार विवाहानंतर दोघांनी कमावलेले उत्पन्न सामाईक धरले जाते. विवाहापूर्वीचे आणि वारशाने आलेले ज्याचे त्याचे राहते. मालमत्ता स्वतंत्र ठेवायची असल्यास नोटरीसमोर करार करता येतो.

पेढी एकत्र कुटुंबाची असेल तर हा मुद्दा फारच महत्त्वाचा. सासरे स्वतंत्र मालमत्तेचा करार सुचवतील, त्यात गैर काही नाही. परंतु मुलीने तो स्वतःच्या भाषेत समजून घ्यावा, शक्य तर स्वतःच्या वकिलाला दाखवावा आणि मगच सही करावी. घाईत, मेंदीच्या हाताने केलेली सही पुढे मनात सलत राहते.

दागिन्यांचेही तसेच. स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. प्रत्येक दागिन्याची यादी, वजन, पावती आणि छायाचित्र मुलीजवळ असावे. प्रवासातही ही यादी उपयोगी पडते. युरोपीय संघात प्रवेश करताना 10,000 युरो किंवा त्याहून अधिक रोकड जवळ असेल तर ती घोषित करावी लागते. जून 2021 पासून सोन्याची नाणी आणि लगडीही या हिशेबात धरल्या जातात. आहेरातील नाणी पिशवीत टाकून विमानात बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दिवसाचे पान

सर्वात कमी बोलले जाते ते रोजच्या दिवसाविषयी. अँटवर्प पुष्कळ उत्तरेला आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी पावणेपाचच्या आधी मावळतो. जूनमध्ये तोच सूर्य रात्री दहापर्यंत आकाशात असतो. चौविहार पाळणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो? हिवाळ्यात कार्यालय सुटण्यापूर्वीच जेवण आटोपायला हवे, म्हणजे दुपारी चारला डबा उघडायचा. नवकारशी साडेनऊच्या सुमारास येते, तोवर कामाचा दिवस सुरू झालेला असतो. उन्हाळ्यातील उपवासाचा दिवस साडेसोळा तासांचा होतो.

हे सारे निभावते, अनेक कुटुंबे निभावत आली आहेत. पण एकाला रात्रिभोजनत्याग कटाक्षाने पाळायचा आहे आणि दुसऱ्याला तो सुट्टीपुरता वाटतो, हे पहिल्या डिसेंबरमध्ये कळण्याऐवजी आधी कळलेले बरे. कंदमुळे, पर्युषणातील सुट्टी, व्यापारी पाहुण्यांबरोबरची जेवणे यांविषयीही तसेच. वाहन वर्ज्य असल्याने साधू-साध्वींचा चातुर्मास तेथे होत नाही. तेरापंथात 1980 साली सुरू झालेल्या समण श्रेणीतील समणी परदेशात जाऊ शकतात, तरी रोजचा धर्म घरातच जपावा लागतो. तो दोघांचा असेल तरच टिकतो.

मुलीचा दिवस आणखी एका कारणाने लांब होतो. महाराष्ट्रातून गेलेल्या सुनेला घरात गुजराती, बाजारात डच आणि व्यापारात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरावे लागते. मराठी उरते ती आईच्या फोनपुरती. अँटवर्प ज्या फ्लांडर्स प्रदेशात आहे, तेथे कुटुंबासोबत राहायला आलेल्या युरोपाबाहेरील बहुतेकांना डच भाषा आणि समाजपरिचयाचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. त्याकडे शिक्षा म्हणून न पाहता आहेर म्हणून पाहावे. डॉक्टर, बँक, मुलांची शाळा यांच्याशी स्वतः बोलू शकणारी सून एकाकी पडत नाही. पदवीची समकक्षता मिळवण्याचे कामही पहिल्याच वर्षी हाती घ्यावे.

न बोललेले पान

पत्नीचा किंवा घरजावई होऊन गेलेल्या पतीचा निवास-परवाना पहिली पाच वर्षे जोडीदाराशी बांधलेला असतो. संसार मोडला तर तो परवानाही जाऊ शकतो. कौटुंबिक हिंसा झालेल्या व्यक्तीसाठी कायद्यात संरक्षण आहे, पण ते मागावे लागते आणि मागण्यासाठी ते माहीत असावे लागते. म्हणून पासपोर्ट ज्याचा त्याच्याजवळच असावा, कागदांच्या प्रती माहेरीही ठेवाव्यात, स्वतःचे बँक खाते असावे. तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक आणि ब्रुसेल्समधील भारतीय दूतावासाचा पत्ता ठाऊक असावा. हा अविश्वास नव्हे. व्यापारी माणूस चांगल्या भागीदाराबरोबरही लेख करतोच, आणि लेख स्वच्छ असला की मैत्री टिकते.

आईवडिलांनीही एक गोष्ट मनाशी धरावी. "आता तेच तुझे घर" हे वाक्य निरोपाच्या क्षणी म्हटले जाते. त्याच्या जोडीला "हेही तुझेच घर" असे म्हणायला विसरू नये. दूर गेलेल्या मुलीला पहिल्या हिवाळ्यात, दुपारीच अंधारून आल्यावर, नेमके हेच वाक्य आठवते.

समारंभ दोन-तीन दिवसांचा असतो. नव्या गावात रुजायला दोन-तीन वर्षे लागतात. समारंभासाठी सारे कुटुंब वर्षभर राबते, तर रुजण्यासाठी दोघांनी काही संध्याकाळी समोरासमोर बसून बोलायला काय हरकत आहे? वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक काढतात, पण त्याखालचा हिशेब आपणच लिहायचा असतो. तो दोघांच्या हस्ताक्षरात असावा.