मिशीखालचे ओठ

बुलढाण्याच्या आमच्या जुन्या घरात लोखंडी ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला ‘टाइम्स’ निघाला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. पानावर छोटीशी चौकट, आर. के. लक्ष्मण यांचं व्यंगचित्र ‘यू सेड इट’. मुंबईहून रेल्वेनं मलकापूर, मग राजूर घाट चढून तो अंक इथवर आला असणार. बुलढाण्याला रेल्वे तेव्हाही नव्हती, आजही नाही.

भिंग लावलं आणि थक्कच झालो! त्यातल्या कॉमन मॅनचा चौकडीचा कोट लांबून करडा दिसतो ना? जवळून पाहा, करडा रंग कुठंच नाही. नुसत्या काळ्या रेघा. करडा रंग तयार होतो तो आपल्याच डोळ्यांत.

असं का? त्या काळच्या लाइन ब्लॉकमुळे. चित्राची निगेटिव्ह रसायन चढवलेल्या जस्ताच्या पत्र्यावर ठेवून प्रखर उजेड पाडायचा. निगेटिव्हमध्ये रेघा पारदर्शक, म्हणून तेवढ्याच जागी उजेड पोचतो आणि रसायन घट्ट होतं. बाकीचं धुऊन जातं. मग पत्रा आम्लात! उघडं जस्त झिजतं, रेघा बांधासारख्या वर उरतात आणि शाई फक्त त्या बांधांना लागते. अर्धी शाई, फिकी शाई ही भानगडच नाही. एक तर काळं, नाही तर कोरं. एवढ्या दोनच गोष्टींत राग, लाचारी, ऊन, पाऊस सगळं बसवायचं, तेही रोज!

असं चित्र काढणाऱ्या व्यंगचित्रकाराचं काम पडद्यावर दाखवायचं कसं? अभिजित पानसे यांच्या ‘ठाकरे’मध्ये (२०१९) नवाजुद्दीन सिद्दिकी बाळासाहेब झाले. बाळासाहेब ‘फ्री प्रेस जर्नल’चे व्यंगचित्रकार, लक्ष्मणही काही काळ तिथंच. कॅमेऱ्याला कुंचला दिसतो, दौत दिसते. पण जे काढलंच नाही, ते कसं टिपणार? माझ्या मते व्यंगचित्रकाराची खरी करामत तिथंच असते.

कॉमन मॅनचंच बघा ना. आधी लक्ष्मण घोळका काढायचे, बंगाली, तमिळ, पंजाबी, मराठी, सगळा देश. पण अंक छपाईला जायची वेळ डोक्यावर! मग एकेक जण गळत गेला आणि शेवटी एकटा उरला. धोतर, कोट, चष्मा. १९५१ पासून तो सगळीकडे हजर असायचा, मंत्र्याच्या सभेत, बायकोच्या मागं, रस्त्यातल्या खड्ड्याशी. बोलायचा मात्र कधीच नाही.

त्याच्याच जातकुळीतला माणूस १९८८ मध्ये दूरदर्शनवर चक्क बोलू लागला! कुंदन शाह यांची मालिका ‘वागळे की दुनिया’. कारकून वागळे म्हणजे अंजन श्रीवास्तव, त्याची बायको राधिका म्हणजे भारती आचरेकर. व्यंगचित्रातल्या दुनियेला मराठी आडनाव मिळालं, संसार मिळाला, आवाज मिळाला.

मी पुन्हा भिंग उचललं. ट्रंकेतल्या त्या चित्रात त्याचे ओठ शोधत होतो. भुवया वर चढलेल्या, चष्म्याआड डोळे, राठ मिशी. मिशीखाली कोरा कागद.