जुना गेम, मराठी समालोचन

मुलांना मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं? मग बहारीनच्या उन्हात शुक्रवारी घरीच असाल तेव्हा १९९४ सालचा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा गेम एकत्र खेळा. २००३पासून तो मोफत आहे आणि ‘स्कमव्हीएम’मुळे आजच्या संगणकावरही चालतो.

भविष्यातलं शहर, तिथं अडकलेला फॉस्टर आणि त्याचा रोबो जोई. वस्तूवर क्लिक करायचं, कोडं सोडवायचं. घाई फारशी नसते, त्यामुळे बोलायला वेळ मिळतो. इंग्रजी संवाद मुलांनी मराठीत सांगायचे, पुढची चालही. पाना, कुलूप, कपाट असे शब्द आपोआप तोंडी येतील. थोडी हिंसा आहे, म्हणून मोठ्या मुलांसोबतच खेळा. अडलात तर उत्तर शोधू नका. वाद घाला, मराठीतच!