भुताचे भारूड : भयाचे हास्यात रूपांतर

सैतान आणि संगीत यांचा संबंध युरोपीय परंपरेत जुना आहे. स्ट्राविन्स्कीची ‘शिपायाची गोष्ट’ ही रचना १९१८ साली लोझान येथे प्रथम सादर झाली. तीत अवघी सात वाद्ये असून, रजेवर घरी निघालेला शिपाई आपले व्हायोलिन सैतानास देऊन बसतो. १८२१ पासून लष्करी छावणी म्हणून वाढलेल्या कामठीच्या वाचकास हा शिपाई परका वाटू नये. गोष्टीत विनोद आहे. परंतु अखेर जय सैतानाचाच होतो.

याच विषयाचे मराठी रूप म्हणजे एकनाथांचे (निधन १५९९) ‘भूत’ हे भारूड होय. त्याचा सरंजामही लहानच : एक सोंगाड्या गायक, मृदंग, टाळ आणि ध्रुवपद उचलणारे झीलकरी. आरंभी भुताने झडपलेल्या व्यक्तीचा आकांत ऐकू येतो. देवऋषी येतो, लिंबू, नारळ, कोंबडा यांचा उतारा होतो, भूत मात्र हटत नाही. पुढे हेच भूत नारदाला व ध्रुवाला लागल्याचे कळते, तेव्हा श्रोत्याच्या मनात शंका चाळवते. शेवटी ते भूत म्हणजे देवच ठरतो.

या रचनेचे मर्म ध्रुवपदात आहे. तेच भयसूचक शब्द दर कडव्यानंतर परततात. शब्द बदलत नाहीत, त्यांचा अर्थ बदलतो. पहिल्या वेळी जी किंकाळी वाटते, तीच शेवटी भक्तीची कबुली होते. हास्य या अंतरातून निर्माण होते. ‘भूत’ या शब्दाची द्व्यर्थताही येथे उपयोगी पडते : पिशाच्च आणि प्राणिमात्र हे दोन्ही अर्थ भाषेने आधीच एकत्र ठेवले आहेत. सर्वांठायी वसणारे भूत उतरवावे कोठे, हा प्रश्न देवऋषीला निरुत्तर करतो.

या विनोदाचा रोख झपाटलेल्या व्यक्तीवर नसून उपचाराच्या थोतांडावर आहे, हे विसरता कामा नये. भूत उतरविण्याच्या नावाखाली होणारी मारहाण महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरली. म्हणजे हा प्रश्न केवळ साहित्येतिहासाचा नाही. सादरकर्त्याने अंगात येण्याचे सोंग रंगवून अखेरचे चरण गाळले, तर श्रोत्याच्या पदरी भयच उरते. भारुडाचा अभ्यास संहितेपुरता न ठेवता प्रयोगाकडेही वळला पाहिजे, तो याचसाठी.