धुराचा नकाशा, जमिनीचा धनी

सुमात्रात आणि कालिमंतानात कोरडा ऋतू आला की रान पेटते आणि इंडोनेशियाचा हा धूर समुद्र ओलांडून सिंगापूर-मलेशियावर पसरतो. १९८२-८३, १९९७-९८, २०१५ आणि २०१९ ही त्यांतली विशेष काळी वर्षे. एकट्या २०१५ साली सुमारे २६ लाख हेक्टर भूमी जळाली. जागतिक बँकेने नुकसान १६ अब्ज डॉलरांचे धरले. ज्या संकटाचा ऋतू आणि ठिकाण आधीच ठाऊक असते, त्याला दैवी कोप म्हणणे आम्हांस मान्य नाही.

या आगीचे मूळ तेथील मातीत आहे. पाणथळ जागी हजारो वर्षे साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची ही माती. तिला पीट म्हणतात. पाणी असेतो ती सहसा जळत नाही. परंतु पामतेलाच्या आणि कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या झाडांच्या मळ्यांपायी कालवे खोदून ती सुकविण्यात आली. १९९० नंतरच्या दशकात सुहार्तो सरकारने मध्य कालिमंतानात दहा लाख हेक्टरांवर भातशेतीचा घाट घातला. भात फसला, कालवे मात्र राहिले. सुकलेली ती जमीन १९९७ साली पेटली आणि पुढेही पेटत राहिली.

उपग्रह आज आगीची जागा काही तासांत दाखवितात. दाट धुराआड काही आगी दडतात, भूमीखाली धुमसणारी आग पुष्कळदा दिसतच नाही, हे खरे. तरीही वर्षावर्षांचे नकाशे एकावर एक ठेवले की तेच सुकलेले पट्टे पुन्हा पुन्हा उमटतात. उणीव आहे ती दुसऱ्या नकाशाची: कोणती जमीन कोणाच्या ताब्यात? काडी लावणारा हात अनेकदा मजुराचा वा लहान शेतकऱ्याचा असतो. पाणी काढून जमीन सुकविणारा निराळाच. मळ्यांच्या पट्ट्यांची माहिती खुली करावी, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. सरकारने मात्र त्यानंतरही दप्तर उघडण्यास टाळाटाळच केली. शेजारी राष्ट्रांनी धुराविरुद्ध २००२ साली केलेल्या करारास इंडोनेशियाने मान्यता दिली, तीही २०१४ साली.

हे परक्यांचे दुखणे म्हणून आपणांस सोडून देता येणार नाही. जगात सर्वाधिक पामतेल आयात करणाऱ्या देशांत भारत अग्रभागी आहे. आपल्या सणासुदीच्या कढईतही ते असते. तेल कोणत्या मळ्यातून आले, हे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकास आहे. आगीचे ठिकाण विज्ञानाने दाखविले आहे. त्यापुढे जमिनीच्या धन्याचे नाव लिहिणे हे राज्यकर्त्यांचे काम. ते होईपर्यंत नकाशे वाढतील, धूर ओसरणार नाही.