थरथरणारी धावपट्टी

संगणकाच्या पडद्यावर विमान उडविणाऱ्या छांदिष्टांना ज्या दृश्यदोषांनी वेळोवेळी छळले, त्यांचा मागोवा घेऊ लागले म्हणजे असे दिसते की, दोष निर्मूल कधीच झाले नाहीत; त्यांचे ठिकाण मात्र सरकत गेले, आणि ते ठिकाण ओळखण्याची विद्या ज्याला साधली त्याचाच निभाव लागला.

1982 साली ब्रूस आर्टविक यांच्या रचनेवरून मायक्रोसॉफ्टने पहिले फ्लाइट सिम्युलेटर आणले, तेव्हा शिकागोचे मेग्ज फील्ड हे विमानतळ मोजक्या रेघांत उभे राही. खरी कसोटी 2006 नंतर लागली. त्या वर्षीचे फ्लाइट सिम्युलेटर टेन 32 बिटांचे असल्यामुळे त्याला चार गिगाबाइटांपलीकडची स्मृती वापरताच येत नसे. शिवाय प्रोसेसर एकामागून एक फ्रेम रेखाटण्यात इतका गुंतलेला असे की, जमिनीची चित्रे वेळेवर रुजू होत नसत आणि खालचा मुलूख धूसरच राही. यावरचा इलाज नवख्याला उलटा वाटे: फ्रेमची संख्या वाढविण्याऐवजी तिला मर्यादा घालावी, म्हणजे उरलेल्या वेळात चित्रे येतात.

छत्तीसगडात, रायपूरच्या गोल बाजारात, किराणा आणि पूजासाहित्याच्या दुकानांवर आमचे बिऱ्हाड आहे. पडद्यावर रायपूरच्याच माना विमानतळाकडे उतरताना धावपट्टीवरचे पांढरे पट्टे थरथरू लागत, तो दोष आम्हाला सर्वांत अधिक शिकवून गेला. अँटी-अलायझिंग कितीही वाढवले तरी थरथर जाईना, कारण ते केवळ कडा गुळगुळीत करते. दोष खोलीच्या नोंदीत होता. ग्राफिक्स कार्ड प्रत्येक बिंदूचे अंतर मर्यादित अचूकतेने नोंदते, आणि बहुतेक जुन्या पद्धतींत ही अचूकता जवळ भरपूर, तर दूर अगदी तुटपुंजी असते. साहजिकच जमिनीला खेटून असलेली धावपट्टी लांबून पाहता दोहोंची नोंद सारखीच पडते, आणि वर कोण याचा निवाडा फ्रेमगणिक बदलतो. बारीक रेषा चमचमत असतील तर अँटी-अलायझिंगकडे वळावे, दूरची शेते तिरप्या नजरेला पुसट दिसत असतील तर अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंगकडे. पण दोन पृष्ठभागांचे दातेरी पट्टे एकमेकांत घुसत असतील, तर सेटिंगशी झुंजण्यात अर्थ नाही, ती दुरुस्ती बहुधा दृश्य रचणाऱ्याच्याच हाती असते.

मे महिन्यातील रायपूरच्या उन्हाने आणखी एक धडा दिला. आकाशात रंगीत चौकोन उमटू लागले, तेव्हा ड्रायव्हर बदलून पाहिला, शेडर कॅश, म्हणजे ग्राफिक्सच्या तयार आज्ञांचा साठा, रिकामी केली, तरी फरक पडेना. कार्डाचे तापमान पाहिल्यावर मर्म कळले, आणि धूळ काढून पंख्यांची नीट तजवीज करताच चौकोन गेले. त्यानंतर आम्ही दोन नियम पाळले. एका वेळी एकच सेटिंग बदलून ते वहीत नोंदवायचे, आणि प्रथम पडद्याचे छायाचित्र संगणकालाच घ्यायला लावायचे: त्यात दोष उतरला नाही, तर मॉनिटर, केबल किंवा व्ही-सिंक यांची झडती घ्यावी.

2020 साली मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिम्युलेटरने भूप्रदेश इंटरनेटवरून आणण्यास आरंभ केला, तर त्याच वर्षी एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरने वल्कन या ग्राफिक्स-प्रणालीचा अंगीकार केला. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी उपग्रहचित्रांवरून ऑस्ट्रियातील ब्लॅकशार्क कंपनीच्या यंत्रणेने इमारती उभ्या केल्या, त्यामुळे कोणी स्वतंत्रपणे न रेखाटलेल्या वस्त्यांनाही घरे मिळाली, हे आम्हाला अपूर्व वाटते. परंतु आता धूसर जमीन दिसली की कार्डाला दोष देण्यापूर्वी इंटरनेटचा वेग तपासावा लागतो. 2024 च्या आवृत्तीत तर मेघसंगणकावरची भिस्त आणखी वाढली आहे. म्हणूनच निर्मात्यांकडे आमची आग्रहाची दरखास्त आहे की, प्रत्येक सेटिंगशेजारी तिचा भार प्रोसेसरवर पडतो, कार्डाच्या स्मृतीवर की इंटरनेटवर, हा तपशील स्पष्ट लिहावा.