दोन अंगरख्यांतील एक

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी जांभळ्या वस्त्रांऐवजी गुलाबी वस्त्रे घालण्याची मुभा धर्मसभेने दिली आहे. 'गाउदेते', म्हणजे 'आनंद करा', हे या रविवाराचे लॅटिन नाव. नाताळ अजून यावयाचा आहे, गव्हाण रिकामी आहे. मग हा आनंद कशाचा?

तीन वर्षांच्या वाचनक्रमात एका वर्षी या दिवशी संत लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय येतो. आम्ही काय करावे, असे लोक योहान बाप्तिस्ताला विचारतात. अधिक उपास करा, असे तो सांगत नाही. ज्याच्यापाशी दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, अन्नाचेही तसेच करावे, एवढेच सांगतो. दहा अंगरखेवाल्याची ही गोष्ट नव्हे. दोनच असणाऱ्यांची, म्हणजे आपलीच आहे.

या दिवसांत आपल्याकडे भाताची सुगी उरकत आलेली असते. द्यावयास याहून बरा काळ कोणता? मात्र चारचौघांत नाव पुकारून दिलेले तांदूळ घेताना गरीब विधवेची मान खाली जाते, आणि पुढल्या वर्षी ती येतच नाही. ६ डिसेंबरला ज्यांचा सण, त्या मिराच्या बिशप संत निकोलास यांनी तीन मुलींच्या निर्धन बापाच्या घरात हुंड्यासाठी सोने टाकले, अशी परंपरागत कथा आहे. (हुंड्याची चाल आम्हास मान्य नाही, हे येथेच सांगून ठेवतो.) त्यांनी ते रात्री, गुपचूप टाकले; बापाला कोणापुढे ओशाळे व्हावे लागले नाही.

तेव्हा शेजारी तांदूळगूळ पाठवावयाचा तो तिन्हीसांजेला, मुलाच्या हाती, नाताळच्या आठवडाभर आधीच पाठवा. त्या घरीही करंज्या वेळेवर व्हावयास हव्यात. रिकामी पिशवी घेऊन मूल परतेल, तेव्हा त्याचा चेहरा पाहा.