नभोवाणीची मार्गदर्शिका कशी असावी?

ठाण्याहून कल्याणकडे निघालेल्या उतारूस गाडीच्या यंत्रांची रचना ठाऊक नसली तरी चालतें. परंतु येणारी गाडी जलद कीं धिमी, व ती आपल्या स्थानकावर थांबेल कीं नाहीं, हें त्यास आधीं कळावें लागतें. नभोवाणी-केंद्रांतील संगणकाच्या मार्गदर्शिकेचेंही तसेंच आहे.

२००६ च्या धोरणानें भारत सरकारनें सेवाभावी संस्थांसही सामुदायिक नभोवाणीची मुभा दिली. मुंबई विद्यापीठाचें 'मस्ट रेडिओ' व म्हसवडचें 'माणदेशी तरंग' हीं त्या जातीचीं केंद्रें होत. शक्ति सुमारें १०० वॅट, टप्पा पांच ते दहा किलोमीटर. आणि निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागानें व्हावेत, असा दंडक. अर्थात् संगणकापुढें बसणार विद्यार्थी आणि गृहिणी, अभियंते नव्हेत.

अशा केंद्रांस 'रिव्हेंडेल' नांवाची प्रणाली विनामूल्य मिळते. तींत 'कार्ट' म्हणजे सहा आंकडी क्रमांकाची पेटी, व 'कट' म्हणजे त्या पेटींतील प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. 'क्लॉक' हें भिंतीवरचें घड्याळ नसून एका तासाचा आराखडा आहे. 'ग्रिड' म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांचें वेळापत्रक, आणि 'लॉग' म्हणजे त्या त्या दिवशीं ओळीनें वाजवावयाची यादी. शाळेचें वेळापत्रक ज्यानें पाहिलें आहे, त्यास हें एका तासांत समजेल. मात्र तें त्याच्या भाषेंत सांगितलें पाहिजे.

पुष्कळ मार्गदर्शिका पडद्यावरील बटणांच्या क्रमानें लिहिलेल्या असतात. नवखा मनुष्य मात्र काम घेऊन येतो : मुलाखत लांबली, आतां पुढचा कार्यक्रम कसा सरकवावा? म्हणून प्रकरणें कामांच्या क्रमानें असावींत. प्रत्येक कृतीनंतर पडद्यावर काय दिसेल, तें लिहावें. आवाज अकस्मात् बंद पडल्यास काय करावें, हें पहिल्याच पानावर असावें. कारण दोन मिनिटें शांतता पसरली कीं ऐकणारा केंद्र बदलतो, आणि जिनें पंधरा दिवस खपून कार्यक्रम बसविला, तिचे श्रम वायां जातात. प्रणालीची कोणती आवृत्ति गृहीत धरली आहे, तेंही नमूद करावें.

शेवटीं परीक्षा. ज्यानें ती प्रणाली कधीं पाहिली नाहीं, अशाच्या हातीं मार्गदर्शिका द्यावी आणि लेखकानें शेजारीं मुकाट्यानें बसावें. वाचणाऱ्याचें बोट जेथें अडखळेल, तें वाक्य पुन्हां लिहावें.

ठाणें, कल्याण, डोंबिवलीच्या घरांत संगणक जाणणारीं मुलें आहेत आणि नेटकें मराठी लिहिणारीं वडील माणसेंही आहेत. दोघांनीं मिळून एक प्रकरण जरी लिहिलें, तरी एखाद्या केंद्राची मोठी सोय होईल.